सोडतीत नाव लागले, पुढे काय?

थंडी ओसरू लागली की शहरांतल्या वस्त्यावस्त्यांतून झेरॉक्सच्या दुकानांपुढे आणि सायबर कॅफेपुढे आईबापांची गर्दी होऊ लागते. एका हातात जातीचा दाखला, दुसऱ्या हातात रेशनकार्ड, कडेवर पोर. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या भाषेत 'आरटीई'चा, फॉर्म भरायचा असतो. पुढे सोडत निघते. ज्यांचे नाव लागते त्यांच्या घरी पेढे वाटले जातात. ज्यांचे लागत नाही त्यांच्या घरी 'आपलं नशीबच फुटकं' म्हणून कपाळाला हात लावला जातो. दैव आणि नशीब झुगारून द्या, असे आयुष्यभर सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना आपल्या लेकराची पहिली शाळा चिठ्ठीवर ठरवावी लागावी, यापेक्षा मोठी विटंबना ती कोणती?

पण आम्हाला आज सोडतीबद्दल बोलायचे नाही. सोडतीच्या आधीची तीन वर्षे आणि सोडतीनंतरची आठ वर्षे यांविषयी आमच्या समाजात फार कमी बोलले जाते, त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घेतली पाहिजे. या पंचवीस टक्के जागा ही कुणा शिक्षणसम्राटाने टाकलेली भीक नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची कॉलेजे चालतात, हे गोऱ्या साहेबाला तोंडावर सुनावले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सर्व मुले एका छपराखाली आणली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाबद्दल बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त अठरा. पुढे घटनेच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. ती दहा वर्षे १९६० साली संपली. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत यायला २००२ साल उजाडले, कायदा २००९ साली झाला आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. ज्यांच्या वाट्याला हा विलंब आला ती मुले कुणाची होती, हे सांगायला नको.

त्या कायद्याच्या कलम १२ (१) (क) ने विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गात वंचित व दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले, १२ एप्रिल २०१२ रोजी तिथे हरले. नंतर महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमात गुपचूप एक दुरुस्ती घातली : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट! आता शहरात अशी कोणती खाजगी शाळा आहे, जिच्या एक किलोमीटरच्या परिसरात पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? म्हणजे कायदा न बदलता कायदा गुंडाळला. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती रद्दबातल ठरवली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळांचे अपील फेटाळले. निकाल आमच्या बाजूने लागला खरा. पण शाळा जूनमध्ये भरल्या आणि आमची लेकरे वर्गात पोहोचेपर्यंत जुलै संपत आला होता. इतर मुलांची बाके ठरली होती, मैत्र्या जुळल्या होत्या. सहा वर्षांच्या पोराने दीड महिना उशिरा अनोळखी वर्गात पाऊल टाकणे म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या टिपणीत कुठे लिहिलेले नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा या वयोगटाला. मूळ कलम ४५ मध्ये शून्य ते चौदा अशी सगळी मुले होती. त्यातली सहा वर्षांखालची मुले बाजूला काढून त्यांना पुन्हा मार्गदर्शक तत्त्वांच्या माळ्यावर टाकून दिले. आणि त्याच दुरुस्तीने पालकांच्या गळ्यात मात्र मुलाला शिकवण्याचे मूलभूत कर्तव्य अडकवले! २००९ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' असे म्हटले आहे. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. एका शब्दाच्या फटीतून पिढ्या गळून जातात त्या अशा.

ही फट कुणी भरली? बाजाराने. नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी. या वर्गांना धड परवानगीची चौकट नाही की फीवर लगाम नाही. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर पंचवीस टक्के तिथूनच लागू होतात, असे कायदा सांगतो. पण अनेक संस्थांनी केजीचे वर्ग वेगळ्या नावाने, वेगळ्या कागदावर दाखवले आणि प्रवेशाचा पहिला वर्ग म्हणून पहिली इयत्ता पुढे केली. परिणाम काय झाला? ज्याच्या बापाकडे पैसा आहे ते मूल तीन वर्षे त्याच इमारतीत, त्याच बाईंच्या हाताखाली, त्याच भाषेत रुळते. आमचे मूल सहाव्या वर्षी, थेट पहिलीत, इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. महिन्याभरात बाई घरी चिठ्ठी पाठवतात : 'मूल मागे आहे, शिकवणी लावा.' मूल मागे नसते. त्याला तीन वर्षे उशिरा आत घेतलेले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शाळा निवडणे ही सहाव्या वर्षी फॉर्म भरताना करायची गोष्ट नाही. ती तयारी तिसऱ्या वर्षी सुरू झाली पाहिजे आणि ती एकट्या आईबापाच्या खिशावर न सोडता वस्तीने अंगावर घेतली पाहिजे.

रामजी सुभेदारांचे उदाहरण आपण भाषणात देतो, आचरणात कमी आणतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाने इंग्रजी पहिलीत नोंद झाली. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या नोंदीच्या आधी काय घडले होते? लष्करी शाळेत शिक्षक असलेला बाप घरी मुलांचा अभ्यास घेत होता. संध्याकाळी घरात मोठ्याने वाचन होत होते, अभंग-दोहे म्हटले जात होते, पोरांच्या कानांवर शब्द पडत होते. पुढे मुंबईत मुलाच्या पुस्तकांसाठी या बापाने लेकींकडे हात पसरला, त्यांचे दागिने गहाण टाकले. शाळेच्या दारात जाण्यापूर्वीच ते मूल तयार झाले होते. आज आमच्या वस्तीतला बाप बिगारी आहे, आई चार घरची धुणीभांडी करते, रात्री दोघेही थकून पडतात. प्रत्येक घरात रामजी बाबा असावेत असे म्हणणे सोपे आहे. पण घरात नसतील तर वस्तीत का असू नयेत? प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे. सकाळी वंदना झाली की विहाराला कुलूप लागते, ते संध्याकाळी उघडते. मधल्या वेळात त्या फरशीवर वीस लेकरे बसली, एखाद्या शिकलेल्या मुलीला चार घरांनी मिळून मानधन दिले, तर बालवाडी उभी राहते. पुतळे, कमानी आणि डीजे यांवर जयंतीत होणाऱ्या खर्चाचा काही हिस्सा त्याला पुरेल. हे वाचून काहींना राग येईल, पण कधीतरी कुणीतरी बोलायला हवेच.

अंगणवाडीलाही नाके मुरडू नयेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हापासून गरिबाच्या पोराला तीन ते सहा या वयात सरकारी दार आहे ते एवढेच. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवला होता. आज सेविकेला शिकवण्यासाठी वेळ किती उरतो? आहार वाटप, वजने, सर्वेक्षणे, मोबाईलमध्ये माहिती भरणे. डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस सेविका-मदतनीस संपावर होत्या. आम्हा पालकांपैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसलो? तीन ते सहा या वयाचा लढा हा त्या बायांच्या मानधनाचाही लढा आहे, हे आपल्या ध्यानात आलेले नाही.

तयारी म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून एबीसीडी गिरवून घेणे नव्हे. ते खूळ केजीवाल्यांनी पसरवले आहे. या वयाच्या मुलाची बोटे लिहिण्यासाठी तयार झालेली नसतात. त्याला गोष्ट ऐकता यावी, ऐकलेली सांगता यावी, खडे-चिंचोके मोजता यावेत, चपला जोडीने लावता याव्यात, लघवीला जायचे आहे किंवा पाणी हवे आहे हे न घाबरता मोठ्या माणसाला सांगता यावे, आपले नाव आणि आईबापाचे नाव खणखणीत सांगता यावे. यातले काहीही विकत आणावे लागत नाही. घरात वऱ्हाडी बोलत असतील तर वऱ्हाडीत, मराठवाड्याची बोली असेल तर त्या बोलीत मुलाशी भरपूर बोलावे. शाळेत इंग्रजी आहे म्हणून घरात मोडकेतोडके इंग्रजी झाडायचे आणि लेकराची स्वतःची भाषाही अर्धवट ठेवायची, हा आजकाल वाढलेला प्रकार घातक आहे. ज्या मुलाची एक भाषा भक्कम असते त्याला दुसरी लवकर येते.

शाळेत मुलाखत घेतली जाते का, हा प्रश्न आई आवर्जून विचारते. कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. घेतल्यास पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शाळांनी यावर शब्द शोधला आहे, 'इंटरॅक्शन'. नाव बदलले, काम तेच. बाप काय करतो, घर कुठे आहे, आडनाव काय, हे विचारून झाले की त्यांना हवे ते कळलेले असते.

आणि हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. बाबासाहेब गोणपाटावर बसले, ते गोणपाट रोज घरी घेऊन गेले, कारण शाळेचा गडी त्याला शिवत नव्हता. शिपाई हजर नसेल तर पाणी नाही. आज गोणपाट नाही. आज हजेरीपटावर नावापुढे खूण असते आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी 'आरटीईवाला' म्हणून हाक मारते. २०१२ साली बंगळुरूच्या एका शाळेत या मुलांचे केस कापून त्यांची ओळख ठेवल्याची तक्रार देशभर गाजली. या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवायचे नाही, वेगळ्या वेळी शिकवायचे नाही, पुस्तके-गणवेश-ग्रंथालय-खेळ यांत भेद करायचा नाही, असे कायद्याखालील नियमांत स्पष्ट आहे. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे भरले नाहीत म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे हाही भेदच. अशा वेळी लेखी तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, महापालिका क्षेत्रात असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला शाळेत काडीची किंमत नसते. एकट्या आईने जाऊ नये, चौघांनी जावे.

पण सहा वर्षांच्या लेकराला घरी काय सांगायचे? काही जण मुलाला आडनाव आखूड सांगायला शिकवतात, घरातला फोटो विचारला तर विषय बदलायला शिकवतात. त्यांची भीती आम्हाला कळते. तरीही हे शिकवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. लपवायला शिकलेले मूल वर्गात हात वर करायलाही कचरते. बाबासाहेब कोण हे त्याला गोष्टीसारखे सांगावे, तेही शाळेत जाण्यापूर्वी, म्हणजे वर्गात कुणी वाकडे बोलले तर त्याच्याकडे आधीच एक सरळ गोष्ट असेल.

खाजगी शाळा म्हणजे चांगली शाळा, हेही एकदा तपासून घेतले पाहिजे. अनेक गल्ल्यांत दोन खोल्यांवर 'इंटरनॅशनल' पाटी लागली आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवणे हा कलम १८ नुसार गुन्हा असून एक लाखापर्यंत दंड आहे. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्याही काढतो. यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. शाळेचा यूडायस क्रमांक मागावा. शिकवणाऱ्या बाई दरवर्षी बदलतात का, संडासात पाणी आहे का, वस्तीतून शाळेत जायला रस्ता कोणता, हे फीच्या पावतीपेक्षा महत्त्वाचे आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत पंचवीस टक्के लागू नाहीत. २०१४ साली घटनापीठाने त्यांना या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाच्या योग्यतेवर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाच्या विचारासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवले.

जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांकडे आपण पाठ फिरवली, हे मात्र खरे. तिथे गेल्या तीन-चार पिढ्या शिकल्या, अधिकारी झाले, लेखक झाले. त्या शाळेत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती लागू नाही. म्हणजे सरकारी शाळेत आपण बारा आणे मालक आहोत आणि खाजगी शाळेत चार आणे पाहुणे! तरीही समितीच्या बैठकीला आपण जात नाही, सरपंचाचा माणूस सह्या घेऊन जातो. मग पट घसरतो. पट घसरला की शासनाला निमित्त मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेलेच. तांड्यावरची, वाडीवरची शाळा उठली की पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी.

मग आमचा सल्ला काय? पंचवीस टक्क्यांची जागा मिळाली तर सोडू नये. ज्यांना मिळाली नाही त्यांनी कर्ज काढून गल्लीतल्या इंग्रजी पाटीची फी भरण्यापेक्षा जवळची पालिकेची वा जिल्हा परिषदेची शाळा धरावी आणि समितीत घुसून ती सुधारून घ्यावी. दोन्ही आघाड्यांवर लढावे लागेल. 'खाजगीत पंचवीस टक्के दिल्याने सरकारी शाळा ओस पडतात' हा २०२४ च्या दुरुस्तीमागचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. सरकारी शाळा ओस पडल्या त्या शिक्षक न नेमल्याने आणि त्यांना वर्गाबाहेरच्या कामांना जुंपल्याने.

आणखी एक बोच. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही, आणि नसावीच. जात ही पगाराने पुसली जात नाही. क्रिमीलेअरची भाषा करणाऱ्यांना आमचा विरोध आहे आणि राहील. पण जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. ज्या घरात नवरा-बायको दोघांचा सरकारी पगार येतो त्यांनी फॉर्म भरला, तर सोडतीत त्यांच्याच वस्तीतल्या सफाई कामगाराच्या पोराची चिठ्ठी मागे पडते. कायदा त्यांना अडवत नाही. ते स्वतः थांबतात का, हे आम्ही पाहतो आहोत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांबद्दल बाबासाहेबांनी व्यक्त केलेली खंत दरवर्षी आपण स्टेटसला ठेवतो.

पुढचा खड्डा नववीचा. हा हक्क आठवीपर्यंतचा. नववीला पाय ठेवला की शाळा पूर्ण फी मागते. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेले चौदा वर्षांचे मूल त्या वेळी कुठे जाणार? नववी-दहावीसाठी अनुसूचित जातीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पण ती खाजगी शाळेच्या फीपुढे चिमूटभर. म्हणून पहिलीला शाळा निवडतानाच नववी-दहावीची फी विचारावी आणि जवळपास अनुदानित माध्यमिक शाळा कोणती आहे हे पाहून ठेवावे. हा हक्क बारावीपर्यंत न्या, ही मागणी आमच्या सर्व गटांच्या, होय, सर्व गटांच्या जाहीरनाम्यात एकाच शब्दांत आली पाहिजे.

कागदपत्रांविषयी शेवटी. फॉर्म निघाल्यावर धावपळ करून ती मिळत नाहीत. भाड्याने राहणाऱ्यांचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला लागतो आणि झोपडपट्टीतला खोलीमालक नोंदणीला सहजी तयार होत नाही, त्याला आतापासून विनवावे लागेल. नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडली तर लागलेला प्रवेश रद्द होतो, म्हणून कॅफेवाल्याच्या भरवशावर न राहता खूण स्वतः पाहावी. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुण्या-मुंबईत नसतो, गावी असतो. तेव्हा दिवाळीत गावी जाल त्या वेळी आजोबा-पणजोबांच्या शाळेतून त्यांच्या नावाचा निर्गम उतारा काढून आणावा. ते शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागावी.